रिकामे फोटो

सिंदेवाहीच्या भाड्याच्या खोलीत सरांनी वाघ पाळले होते, कॉम्प्युटरमध्ये. लाल ठिपके वाघ, हिरवे चितळ. पिढी बदलली की चितळ जरा सावध व्हायचं, मग वाघ आणखी दबकत चालायला शिकायचा. दोघं एकमेकांना घडवतात, एवढं सांगायला सर तासभर घ्यायचे आणि मध्येच मला चहाला पिटाळायचे. प्रोग्राम मी लिहिला होता.

माझ्या मोठ्या भावाला तेंदूपत्ता तोडताना वाघाने नेलं. हे सरांना ठाऊक होतं. "ते मॉडेलमध्ये बसत नाही," ते म्हणाले होते. "माणूस हा अपवाद." या गृहस्थांनी जन्मात चितळ पाहिलं ते जीपमधून, तेही पाठमोरं.

आमच्याकडे वाघाने माणूस मारला त्या जागी येणारा-जाणारा एक दगड ठेवूनच पुढे जातो. भावाची रास कमरेएवढी झाली होती. समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा सरांना नेमका तिथेच लावायचा होता. खांब डुगडुगत होता, म्हणून त्यांनी राशीतलेच दगड उपसून त्याच्या बुडाशी रचले. मी तेव्हा बॅटऱ्या आणायला बल्लारपूरला गेलो होतो. गावात कुणाला विचारावं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. एवढं शिकलेल्या डोक्यात जागा कुठून असणार?

मोहफुलं वेचून परतलेली वहिनी माझ्या दारात उभी राहिली.

"भाऊजी, तुमच्या भावाचे गोटे कोनं उपसले?"

मला सरांची किळस आली. "मी परत रचून देतो," म्हणालो.

"नाई. मीच ठेवीन."

मोहाचा हंगाम सरता सरता खांब आडवा झाला. आतले फोटो सरांच्या लाडक्या सॉफ्टवेअरने वेगळे केले: वाघ, चितळ, सांबर, रिकामे. कॅमेरा कोणत्या प्राण्याने पाडला, या विचारात सर पडले.

मी 'रिकामे' उघडलं. फोटोमागून फोटो वहिनी. टोपली खाली ठेवून, वाकून, बुडातला दगड काढून राशीवर ठेवणारी. फोटो दर वेळी थोडा अधिक कलता. शेवटच्यात नुसतं आभाळ.

"सर, ही माझी वहिनी आहे."

त्यांनी चष्मा सरळ करून नीट पाहिलं.

"मग रिकामाच ना," म्हणाले, आणि अस्वलाचं नाव लिहून मोकळे झाले.