डावीकडे जाणारे बाण

यांचे बाण माझ्या धनुष्यातून सुटले की डावीकडेच जायचे, सगळेच्या सगळे. हे गेले त्याला चार महिने झाले. मी अजून रडलेले नाही.

धनुष्य बांबूचं, हलकं, माझ्या खांद्याला झेपेल असं यांनीच करवून घेतलेलं. बाण करणाऱ्या सोमाकाकांनी काल एक बाण दोन्ही हातांनी वाकवून पाहिला.

"ताई, हे दादांच्या जड धनुष्याचे. सुटताना बाण जरा लवला तरच धनुष्याला वळसा घालून सरळ जातो. तुमच्या धनुष्याला हे फार कडक. तासून देतो."

फुटक्या काचेने ते तासू लागले. पिवळट भुगा माझ्या पायांशी पडत राहिला आणि बाण दुसऱ्याच कुणाचे असावेत तशी मी बघत बसले. भेटायला आलेले लोक म्हणायचे, बाई खंबीर आहे हो. सरळ जायला आधी लवावं लागतं, हे मला नीट समजलं. आत काही हललं नाही.

शेवटच्या बाणाला त्यांनी काच लावली, तेव्हा मी म्हणाले, "हा राहू दे तसाच."

"ताई, हा डावीकडेच जाईल."

"जाऊ दे."