खोटी हाक

दिघीच्या जेट्टीवर चहा विकणारे चाचा कधी आवाज चढवत नसत. गिऱ्हाईक घाईत असलं तरी कप पुसूनच हातात देत.

त्या हिवाळ्यात हिमालयातला एक सुतारपक्षी वाट चुकून त्यांच्या टपरीमागच्या झाडावर आला. सालीला भोकं पाडून तो रस पीत असे. फोटोवाले जमले आणि त्याला पुढे आणायला स्पीकरवर त्याच्याच जातीची हाक वाजवू लागले. पक्षी जोडीदार शोधत फांदोफांदी धडपडायचा.

"हा आवाज कुणाचा?" चाचांनी पक्षी पाहायला आलेल्या मला विचारलं. मी सांगितलं.

त्यांनी स्पीकर उचलून बिस्किटांच्या डब्यात कोंडला. "वाट चुकलेल्याला खोटी हाक मारता? शरम न्हाय वाटत?"

फोटोवाले वरमले. मी तर तीन दिवस तिथेच होतो, मनात संतापत, तोंडाने गप्प.