रिकामी समजलेली खोली

गंगाखेडच्या आमच्या घरात वीज वाचवणारे बिनतारी सेन्सर बसवायला तो पाथरीहून आला होता. नाव मी विचारलंच नाही. सेन्सर लावला की तो त्या खोलीत खुर्चीवर पुतळ्यासारखा बसून राहायचा. हालचाल नाही म्हणून पंखा आपोआप थांबला, की खूश होऊन मान डोलवायचा.

अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या माझ्या बायकोच्या खोलीत मात्र तो अडला. “सर, इथं नको. मावशी हालत न्हाईत. खोलीत कोणीच न्हाई समजून कूलर बंद करंल ते.”

“मास्तर तू का मी? लाव गुपचूप.”

मे महिन्यात एका दुपारी मी बाजारातून आलो, तर कूलर बंद आणि ती घामाने भिजून बेशुद्ध. ती वाचली. मुलाने जाब विचारला तेव्हा मी सगळं त्या सेन्सरवाल्यावर ढकललं.

त्याचा मालक त्याला घेऊन घरी आला. “सर, मी सांगितलं व्हतं की न्हाई?” त्याने एवढंच विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. मालकाने तिथेच त्याला कामावरून काढलं.

त्याने सांगितलं होतं. बायकोनेही ते ऐकलं होतं. पण तिची वाचा गेलेली आहे, याचाच मला त्या दिवशी आधार वाटला.