साडूंची परतीची फेरी

महाडपासून पोलादपूरपर्यंतच्या मुलखात फुटबॉल कळणारा माणूस एकच, आमचे थोरले साडू. आणि त्यांना कळायचा तोही बंद पडलेला. मी कापड्याचा भातशेतीवाला, शाळा चौथीपर्यंत, तरी हे छातीवर हात ठेवून लिहितो. कोणी येऊन खोडून दाखवावं. साडू तुडीलचे, ऐन उमेदीत बोटीवर खलाशी होते. बोटीवरून माणसं घड्याळ आणतात, रेडिओ आणतात. यांनी आणली एक लांबट वही. तिच्यात युरोपातल्या एका स्पर्धेचे निकाल, सालवार, लाल रेघा मारून. व्यापाराच्या जत्रा भरवणाऱ्या शहरांचे संघ त्या स्पर्धेत खेळायचे म्हणे. मी म्हटलं, "म्हणजे जत्रेतल्या कुस्त्याच की!" तर म्हणाले, "तसंच समजा, पाव्हणं. नारळाच्या जागी कप." सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती स्पर्धा बंद पडली. ते साडूंना कधी मानवलं नाही.

त्या स्पर्धेचे कायदे मात्र ते तुडिलात चालवायचे. एका शहराचा एकच संघ, हा पहिला कायदा. पोलादपुराकडच्या कबड्डीला तुडिलातून वरच्या आळीचा एक आणि खालच्या आळीचा एक असे दोन संघ निघाले, तर हे एसटीच्या दारात आडवे उभे राहिले. "एका गावाचा एकच संघ! नायतर गाडी हलणार नाय!" कंडक्टर घंटी मारून थकला. शेवटी दोन्ही आळ्यांचे मिळून सात गडी गेले, आपसात भांडत पहिल्याच फेरीत हरून आले, आणि साडूंनी निकाल वहीत मानाने लिहिला.

दुसरा कायदा, प्रत्येक सामना दोनदा: एकदा आपल्या गावात, एकदा त्यांच्या. आमच्या येण्याजाण्यालाही तोच. मी तुडीलला जाऊन आलो की महिन्याभरात साडू कापड्याला हजर. "परतीची फेरी," म्हणत पायरीवर चपला काढायचे. बरोबरी झाली तर परक्या मैदानातला गोल जड धरतात, म्हणून आमच्याकडे चौथी तांदळाची भाकरी मोडताना माझ्या बायकोला सांगायचे, "गो, परक्या घरातली भाकरी दुप्पट धर."

पण त्या वहीत एक चौकोन रिकामा होता. स्पेनच्या एका बंदरात साडूंनी उभ्याने एकच सामना पाहिला होता, तो बरोबरीत सुटला. परतीचा सामना इंग्लंडात, आणि तोवर यांची बोट सुएझकडे लागली. निकाल काही कळला नाही. महाडच्या वाचनालयात विचारून झालं, जुन्या खलाशांना पत्रं घालून झाली. "पाव्हणं, मरायच्या आधी तेवढा एक आकडा कळावा," म्हणायचे, आणि सावित्री नदीच्या पाण्याकडे बघत बसायचे.

मला ते बघवेना. एकदा ते आमच्याकडे आलेले, वही ओटीवर ठेवून परसात हात धुवायला गेले, आणि मी माझ्या हाताने त्या चौकोनात लिहिलं, तीन-एक. त्यांच्या त्या स्पेनच्या बंदराचाच संघ जिंकवला. साडूंनी पाहिलं. आधी चेहरा उजळला, मग म्हणाले, "कुणी कळवलं?"

"मीच. तुमचा जीव अडकलाय म्हणून."

त्यांनी खोडरबर मागून घेतला आणि कागदाला भोक पडेपर्यंत घासलं. "न कळलेला परवडला, पाव्हणं. खोटा जिंकलेला नाय."

मी काय कमी? म्हटलं, "मी मायेनं केलं, माफी मागणार नाय!" ते उठून गेले. आता परतीची फेरी माझी होती. मी गेलो नाही. दोन भातं कापून झाली. तुडीलच्या माणसांकडून निरोप यायचा, "साडू विचारतात, सामना रद्द का?" मी म्हणायचो, मैदान ओलं हाय.

मग एक दिवस निरोप आला तो वेगळाच. मी गेलो. बाराव्याचं जेवण झाल्यावर मेहुणीने वही आणून माझ्या मांडीवर ठेवली. त्या भोकामागे खळीने कागद चिकटवला होता, चौकोन पुन्हा कोरा. शेवटच्या पानावर 'तुडील - कापडे', आमच्या साऱ्या फेऱ्या. खाली त्यांची शेवटची फेरी लिहिलेली, समोर माझी जागा मोकळी.

मेहुणी म्हणाली, "आलाव ना आज? लिवा की."

पेन्सिल हातात घेतली. आलो होतो खरा, पण यजमान मैदानात नव्हते. तो सामना धरता येत नाही.

जागा तशीच ठेवली. अजून वर्षाला एकदा तुडीलला जातो, आणि घरी आल्यावर महिनाभर पायरीकडे लक्ष असतं.