मधल्या खुर्चीतली डबलबेल

माझ्या आत्याला सगळी गल्ली डबलबेल म्हणते. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायला हिंमत लागते आणि ती आमच्या गल्लीत फक्त माझ्याकडे आहे.

आत्या आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होती. एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला. ती रिटायर झाली, बस सुटली, बेलची दोरीही सुटली, पण हाताची खोड सुटली नाही. भाजी चिरून झाली की पातेल्यावर टकटक. मी जेवताना रेंगाळले की माझ्या ताटाच्या कडेवर टकटक. शेजारीण दारात उभी राहून तासभर बोलत बसली की दाराच्या चौकटीवर टकटक. शेजारणीलाही आता सवय झालीय, ती टकटक ऐकली की आपोआप चालायला लागते.

आवाजाचं तर विचारूच नका. बसच्या मागच्या दारातून ड्रायव्हरच्या कानापर्यंत जाणारा आवाज आहे तो, आमच्या दोन खोल्यांत मावतो थोडाच? उरलेला शेजाऱ्यांकडे जातो. आमच्याकडे कोणाला ओरडा बसला, कशावरून बसला, हे समोरच्या इस्त्रीवाल्याला माझ्याआधी कळतं.

लग्न केलं नाही तिनं. कोणी विचारलं की म्हणते, "बसभर माणसं माझं ऐकत होती. एकट्याला ऐकवण्यात काय मजा?"

एकदा चालत्या बसमध्ये एका बाईला कळा सुरू झाल्या. आत्यानं बेल मारली, ड्रायव्हरच्या कानाशी जाऊन काहीतरी बोलली, आणि बस सगळ्या प्रवाशांसकट थेट दवाखान्याच्या आवारात. डेपोत तिला जाब विचारला. ही म्हणाली, "साहेब, एक प्रवासी वाढला. तक्रार कशाची?" तो वाढलेला प्रवासी आता मिशा ठेवतो. रस्त्यात दिसला की आत्या त्याला हाक मारते, "ए विनातिकीट!"

तर अशी बाई. माझी आई गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली आणि माझ्या बाबांना पुन्हा धाकटा भाऊ करून टाकलं. बाबा घरं रंगवायचे. उंच, धिप्पाड माणूस, त्याला ही बाळ्या म्हणते. एके सकाळी शिडीवरून उतरले आणि डावा हात, डावा पाय त्यांचं ऐकेनासे झाले. जीव वाचला, पण हात लोंबकळायचा आणि पाय फरफटायचा. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, व्यायाम चुकवायचा नाही, पाय परत येईल.

व्यायामाची खोली आमच्या कोपऱ्यावरच, पाण्याच्या टाकीजवळ. खोली नगरपालिकेची, फिजिओ ताई आरोग्य विभागाच्या. आत धरून चालायचे दोन लांब दांडे, एक आरसा, भिंतीला हातानं फिरवायचं चाक. जमिनीवर पिवळी पावलं रंगवलेली, त्यांच्यावर पाय टाकत चालायचं. बाबा पहिल्या दिवशी पाय सोडून पावलंच बघत बसले. म्हणाले, "रंग एकच हात दिलाय. उडणार." आणि खरंच उडाला.

आत्या त्यांना रोज न्यायची. ती पुढे, बाबा काठी टेकत मागे. घर ते कोपरा एवढ्याशा रस्त्यात ती ओरडायची, "पुढे सरका, पुढे जागा आहे!" समोरची माणसं खरंच बाजूला व्हायची. हळूहळू बाबा काठी नुसती हातात धरायला लागले. टेकायचे नाहीत, मिरवायचे.

भानगड झाली ती ट्यूबची. खोलीतली ट्यूब सारखी मिचमिच करायची. बाबा म्हणायचे, "ही मला डोळा मारते." पण चेष्टा बाजूला ठेवा, त्या मिचमिचीत पिवळी पावलं दिसायची नाहीत आणि बाबा एकदा दांड्यातच कोसळले. आत्या नगरपालिकेत गेली. ते म्हणाले, खोली आमची, पण पेशंट आरोग्य विभागाचे, तिकडे सांगा. ती आरोग्य विभागात गेली. ते म्हणाले, पेशंट आमचे, पण छत नगरपालिकेचं, तिकडे सांगा.

आत्या म्हणाली, "आणि छत आणि जमिनीच्या मध्ये जो पडला तो कोणाचा?"

तिथल्या बाई बिचाऱ्या चांगल्या होत्या. त्यांनी सांगितलं की दोन्ही ऑफिसांची मिळून एक समिती आहे. दर महिन्याला नगरपालिकेच्या हॉलमध्ये बसते. लस कुठे द्यायची, गरोदर बायकांची तपासणी कोणत्या वस्तीत ठेवायची, म्हाताऱ्यांसाठी काय करायचं, सगळं दोघं मिळून ठरवतात. खोली, पाणी, वीज, रस्ता एकाचा. डॉक्टर, नर्स, औषध दुसऱ्याचं. तिथे जाऊन बोला.

गेलो. मी स्कूटर चालवत, आत्या मागे बसून मला ब्रेक कधी मारायचा ते सांगत.

हॉलमध्ये लांबलचक टेबल. एका बाजूला नगरपालिकेची माणसं, मध्ये त्यांचे साहेब. दुसऱ्या बाजूला आरोग्यवाले, मध्ये त्यांच्या मॅडम. आणि टेबलाच्या टोकाला, दोघांच्या बरोबर मध्ये, एक रिकामी खुर्ची. समोर पाटी: नागरिक प्रतिनिधी. आत्या सरळ जाऊन त्या खुर्चीत बसली. मी कानात म्हटलं, "आत्या, ती कोणाची तरी आहे." ती म्हणाली, "रिकामी सीट दिसली की माणूस बसवायचा. आयुष्यभर तेच केलं."

कोणी तिला उठवलं नाही. साहेबांना वाटलं, बाई मॅडमनी आणल्या. मॅडमना वाटलं, बाई साहेबांनी आणल्या. दोघांनीही तिला हसून नमस्कार केला. चहा पहिला तिला आला. नंतर कळलं, ती खुर्ची समिती झाल्यापासून रिकामीच होती. नागरिक बोलवायचा कोणी? हे समजायचे ते बोलावतील, ते समजायचे हे बोलावतील.

त्या दिवशी दोघांनी मान डोलावली, ट्यूब बघतो म्हणाले. ट्यूब बदलली नाही. पुढच्या महिन्यात आत्या परत जाऊन बसली. आता शिपाई तिला बघून पंखा सुरू करायला लागला. घरी येऊन ती आम्हाला सांगायची, "ती माणसं वाईट नाहीत गं. फक्त दोघांना एकमेकांशी बोलताना इतका संकोच की नवीन लग्न झाल्यासारखे वागतात."

आणि मग एक दिवस फिजिओ ताई तोंड पाडून म्हणाल्या, "काका, पुढच्या महिन्यापासून ही खोली बंद. मला मोठ्या दवाखान्यात बसवणार आहेत."

मोठा दवाखाना म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दोनदा बस बदलायची. रस्ता ओलांडायचा, तोही असा की धडधाकट माणूस देवाचं नाव घेऊन ओलांडतो. स्कूटरवर बाबांना बसवत नाही, डावीकडे कलतात. म्हणजे उघड होतं. खोली गेली की बाबांचा व्यायाम गेला, आणि व्यायाम गेला की पाय गेला.

मी आधी चपला शोधायला लागले, कोणाला तरी जाऊन झापायचं म्हणून. बाबा खाटेवर बसून म्हणाले, "बरं झालं. सुटलो एकदाचा."

आत्या काहीच बोलली नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा तिला गप्प बघितलं. इस्त्रीवाला चौकशीला आला, घरात कोणी आजारी आहे का म्हणून.

मीटिंगच्या दिवशी मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. बिस्किटं आली, ती मीच खाल्ली, कारण रागात मला भूक लागते. टाकीजवळच्या खोलीचा विषय निघाला आणि साहेब उठून मॅडमना म्हणाले, "तुमच्या विभागाचे आभार. तुम्ही खोली मोकळी करून देताय. आम्ही तिथे दिव्यांचं सामान ठेवू."

दिव्यांचं सामान! जिथे एक ट्यूब धड लागली नाही तिथे!

मॅडमही हसून म्हणाल्या, "आभार कसले? तुम्हाला जागेची अडचण आहे, आम्ही थोडं सरकून घेतो."

माझ्याच्यानं राहवलं नाही. "थोडं? अहो, शहराच्या दुसऱ्या टोकाला नेताय! माझा बाप काय उडत येणार?"

"ए भिंगरी, खाली बस," आत्या म्हणाली. मला ती भिंगरी म्हणते, कारण मी एका जागी ठरत नाही. मी बसले. आत्या मात्र उठली. खिशातलं पेन काढलं आणि टेबलावर एकदाच वाजवलं. टक. एक बेल. सगळा हॉल थांबला.

"साहेब," ती म्हणाली, "तुम्हाला ती खोली हवी होती?"

"हवी अशी नाही. पण मॅडमचा विभाग तिथून जातोय म्हटल्यावर रिकामी कशाला ठेवायची?"

"मॅडम, तुम्हाला तिथून जायचं होतं?"

"छे हो. पेशंटच्या घराजवळ बरं पडतं. पण साहेबांना खोली परत हवीय असं कानावर आलं. मागायला लावणं बरं दिसत नाही."

"कोणाच्या कानावर आलं? कोणी सांगितलं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ह्यांच्या माणसानं त्यांच्या माणसाला जिन्यात काहीतरी म्हटलं होतं, त्याचं फिरून फिरून हे झालं होतं. दोघं एकमेकांसाठी जागा करून देत होते आणि दोघांच्या मध्ये माझे बाबा खाली पडत होते.

आत्यानं दोन्ही बाजूंना बघितलं आणि बसमधला आवाज लावला, "उतरायचंय कोणाला?"

कोणीच हात वर केला नाही.

"मग गाडी थांबवली कशाला?"

पहिल्यांदा मॅडम हसल्या. मग साहेब, आधी रुमालात आणि मग उघड. साहेब म्हणाले, "मॅडम, आपण एकमेकांना एक फोन केला असता तर?" मॅडम म्हणाल्या, "मला वाटलं तुम्ही कराल." मग तर शिपाईसुद्धा हसला. खोली राहिली, फिजिओ ताई राहिल्या. आत्यानं टेबलावर दोनदा टकटक केलं आणि पुढचा विषय सुरू झाला. तो कुत्र्यांचा होता, ते सोडा.

घरी येताना ती स्कूटरवर गाणं म्हणत होती. ब्रेकचंसुद्धा विसरली. घरात शिरतानाच मी ओरडले, "बाबा, खोली राहिली!"

बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "कशाला एवढा खटाटोप केलात? मी नव्हतोच जाणार आता."

आत्या दारात उभी राहिली. पायातली एक चप्पल काढलेली, एक तशीच. "बरं," ती म्हणाली. "तुझी मर्जी बाळ्या. नसेल जायचं तर नको." आणि स्वयंपाकघरात गेली.

झालं! हॉलमध्ये सिंहीण आणि घरात शेळी? माझं टाळकं सणकलं. मी बाबांपुढे जाऊन उभी राहिले. "खरं सांगा, कंटाळा आलाय?"

बाबा हळूच म्हणाले, "मला नाही गं. अक्काचे गुडघे बघ. रोज माझ्यामागे किती फरफट तिची. ती तोंडानं म्हणणार नाही, मीच नको म्हटलं की सुटेल बिचारी."

मी स्वयंपाकघरात गेले. "आत्या, दमलीस तू बाबांना नेऊन?"

"मी?" आत्या म्हणाली. "अगं, घरी बसून मला गंज चढतो. दिवसभरात तेवढीच एक फेरी असते माझी. पण त्यालाच नको असेल तर ओढत कशी नेऊ? त्या दिवशी सुटलो म्हणाला तो."

म्हणजे माझ्या घरातच दोन ऑफिसं! एक खाटेवर, एक गॅसपाशी, आणि दोघं एकमेकांसाठी खोली रिकामी करतायत!

मी मधल्या दारात उभी राहिले. तिच्यासारखा आवाज मला काढता येत नाही, पण जेवढा होता तेवढा सगळा लावला, "उतरायचंय कोणाला?"

समोरून इस्त्रीवाला ओरडला, "मला नाही!"

आत्या हसत हसत बाहेर आली, आणि हसताहसता डोळे पुसले तेही मी बघितलं. बाबांची काठी घेऊन तिनं त्यांच्यापुढे धरली. "चल मुकाट्यानं. माझ्या गुडघ्यांची काळजी करणारा तू कोण? तुझ्या आधी जन्मलेत ते."

"अक्का, तू आधी विचारायचंस ना."

"तू आधी सांगायचंस ना!"

"आता भांडणासाठी समिती नेमू का?" मी म्हटलं, तर दोघांनी मिळून मला झापलं. एकमत झालं एकदाचं.

दारापाशी आले दोघं. आत्या पुढे, बाबा मागे. सवयीनं तिनं चौकटीवर टकटक करायला हात उचलला, तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब. मी."

काठी त्यांनी उजव्या हातात घट्ट धरली. डावा हात खांद्यातून उचलला, चौकटीपर्यंत आणला. बोटं वाकडी, अर्धी मिटलेली. एक टक झाली, ती नीट वाजली. दुसरी मला ऐकू आली की नाही, शपथेवर सांगू शकत नाही.

आत्याला मात्र आली. "पुढे सरका, पुढे जागा आहे!" ती गल्लीत ओरडली, आणि गाडी निघाली.

संध्याकाळी परत आले तेव्हा बाबा खुशीत होते. खोलीत नव्या ट्यूबा आल्यात म्हणाले. एक नगरपालिकेनं पाठवली, एक आरोग्य विभागानं. लावायची जागा एकच आहे. कोणाची लावायची ते ठरेपर्यंत दोन्ही कोपऱ्यात उभ्या आहेत.

पुढची मीटिंग कधी आहे ते आत्यानं शिपायाला विचारून ठेवलंय.