वाकडा जिना

कवळीशेठ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण दातांच्या दवाखान्यांना कवळ्या घडवून देणारा आणि समोरच्याचा एक दात केसभर तिरका दिसला तरी ज्याला जेवण जात नाही, अशा माणसाला गल्लीने दुसरं म्हणायचं तरी काय? पन्नाशी आली तरी लग्न नाही (मुलगी बघायला जाऊन तिचे दातच बघत बसायचा म्हणे). सख्खं माणूस एकच, समुद्रापलीकडे दिलेली धाकटी बहीण.

आई गेल्यावर दोघांचं फाटलं ते फाटलंच. फोन केला की भांडण. खेळ मात्र एकत्र चालायचा. टीव्हीखालच्या कपाटात नॅस होती, म्हणजे घरातले सगळे फोटो आणि फायली सांभाळत दिवसरात्र घरघरणारी पेटी. तिच्यावरच त्याने ठोकळ्यांच्या खेळाचा सर्व्हर चढवला होता. रोज दुपारी भाऊबहीण त्यात भेटत आणि केव्हाच पाडून टाकलेलं लहानपणचं घर ठोकळ्यावर ठोकळा ठेवून पुन्हा उभं करत. बोलणं काय ते तिथेच, टाइप करून.

एकदा बहिणीने जिना बांधला. वाकडा. कवळीशेठला तो दाढेत अडकल्यासारखा सलायला लागला. पण तोंडावर म्हणायची टाप नव्हती. तिने पुन्हा अबोला धरला तर? मग गड्याने डोकं चालवलं. खेळातल्या जगाची जिन्याआधीची राखून ठेवलेली प्रत काढली, सर्व्हरच्या नव्या पोर्टवर, म्हणजे दुसऱ्या दारावर, सुरू केली आणि साळसूदपणे निरोप धाडला, "डिस्क बिघडली गं, जिना गेला. आता या दाराने ये."

ती आली नाही. आठवडाभर हा बिनजिन्याच्या घरात एकटाच उभा. शेवटी धीर करून फोन लावला.

"रुसलीस होय गं?"

"रुसायला काय झालं? रोज तर भेटतोय. काल माडी पुरी केलीस की!"

"कुठे?"

"नेहमीच्याच दाराने. दादा, बरा आहेस ना? हल्ली फारच शहाण्यासारखा वागतोस. एक टोमणा नाही!"

मूळ जग बंद करायचं राहूनच गेलं होतं तर. पण तिच्याबरोबर तिथे कोण होतं? पासवर्ड चोरीला गेला असेल म्हणून त्याने आधी तो बदलला, मग फोन तसाच चालू ठेवून जुन्या दाराने शिरला.

समोर घर पुरं झालेलं. जिना होता तसाच वाकडा, कुणी हात लावलेला नाही. माडीच्या खिडकीत बहिणीची खेळातली बाहुली. शेजारी त्याचीच, अंगात त्यानेच निवडलेला निळा सदरा. दोघी वळून त्याच्याकडे बघायला लागल्या.

पडद्यावर ओळ उमटली : तुम्ही दुसऱ्या ठिकाणाहून आत आला आहात. एका नावाने एकालाच आत राहता येई, त्यामुळे हा बाहेर. पुन्हा शिरला, पुन्हा बाहेर.

"काय सारखं आत-बाहेर चाललंय रे?" फोनवर बहीण हसली.

"चिमे, ऐक. तिथे आहे तो मी नाही. आणि... डिस्कला काही झालं नव्हतं. जिना मीच पुसला."

"जिन्याचं माहीत आहे. त्याने सांगितलं मला. माफीसुद्धा मागितली."

कपाट उघडून कवळीशेठने पेटीच्या बटणावर बोट ठेवलं. "बंद करतो मी हे सगळं."

"कर. पण मग मी कुठल्याच दाराने येणार नाही."

बोट दाबवेना, निघेना. पेटी आपली घरघरत होती.

"मग मी येऊ का तिकडे?" त्याने विचारलं. "तिघं मिळून बांधू."

पलीकडून नुसतीच टाइप केल्याची टकटक.

"थांब हं," ती म्हणाली. "दादाला विचारते."