‘जुलूम’चं कार्ड

शब्दकोशाच्या कचेरीत तिला सगळे मावशी म्हणत, साहेबसुद्धा. एकतीस वर्षं शब्दांची कार्डं लिहून बोटाला घट्टा पडला होता आणि मान अशी धरली होती, की मागून कुणी हाक मारली तर ती खुर्चीसकट वळायची.

कचेरीचा दंडक असा, की कार्डावरची ओळ ज्यानं खोडायची त्यानं शेजारी कारण लिहून सही करायची. कारणाशिवाय कार्ड छापखान्यात जात नसे.

‘जुलूम’चं कार्ड तिच्या हातचं. शब्द अरबी, मुळात वस्तू तिच्या जागेवर न ठेवता भलतीकडे ठेवणं. मग दुसऱ्याचा हक्क हिरावणं, मग सत्तेच्या जोरावर लोकांना छळणं, आणि घरगुती बोलण्यात फार आग्रह. खाली उदाहरणादाखल स्वतःच्या कानांनी ऐकलेलं वाक्य लागे. ते तिच्या वडिलांचं होतं. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत. कुठल्याशा पत्रकापायी त्यांना उचलून नेलं, चार महिन्यांनी सोडलं. घरी येऊन जोडे काढता काढता म्हणाले होते, “जुलूम झाला की माणूस ओरडत नाही गं. दमतो.”

नव्या आवृत्तीच्या वेळी साहेब कार्ड घेऊन आले. सत्तेच्या जोरावर छळण्याचा अर्थ आणि ते वाक्य काढायचं, ‘फार आग्रह’ वगैरे ठेवायचं, असं वरून आलं होतं.

“मग तुम्हीच खोडा ना. पेन देते.”

“मला कशाला गोत्यात घालता, मावशी?”

“म्हणजे मी गोत्यात गेलेली चालेल.”

साहेब कसनुसं हसले. निवृत्तीला सात महिने उरलेत, एवढी आठवण मात्र करून देऊन गेले.

घरी नवरा म्हणाला, खोडून टाक. नोकरी गेली तर कचेरीनं दिलेली ही खोली आत्ताच जाईल, हे गुडघे घेऊन मी कुठले जिने चढू? त्याचंही खरंच होतं. ती भांडली नाही. भांडायलाही जीव लागतो.

सकाळी तिनं पट्टी लावून दोन्ही ओळी खोडल्या. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘वरून सांगितले म्हणून.’ खाली सही.

साहेबांनी ते वाचलं, कार्ड उलटंपालटं केलं. असं कारण वर पाठवायची सोय नव्हती, आणि ते खोडायचं तर स्वतःची सही आली. त्यांनी कार्ड खणात टाकून कुलूप लावलं.

महिन्याभरानं नव्या आवृत्तीचं तपासायचं पान तिच्याच टेबलावर आलं. ‘जुलाब’नंतर थेट ‘जुलै’. शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. तिनं पान दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं, आणि सही केली.